टोटल लॉस झालेली गाडी आणि तुमच्या नावाची आरसी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं 'टोटल लॉस'बद्दलची आहेत, म्हणजे विमा कंपनी ज्यांचं पूर्ण नुकसान झालं असं धरते त्या गाड्यांबद्दलची. पैसे किती मिळतील हे जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय. गाडीच्या कागदांचं पुढे काय होतं, हे मात्र एक-दोघांनीच. खरा घोळ तिथेच होतो, म्हणून उत्तरांमध्ये कागदांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझी १२०० सीसीची कार दोन वर्षं चार महिन्यांची आहे. चालू पॉलिसीत आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ७ लाख. कंटेनरला मागून धडकली. वर्कशॉपने ६ लाख ४० हजारांचं एस्टिमेट दिलं. ७ लाखांचे ७५ टक्के म्हणजे सव्वापाच लाख. मग गाडी टोटल लॉस व्हायला हवी ना? विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर (नुकसानीचा अंदाज घेणारे) म्हणतात, दुरुस्तच करावी लागेल. (एक वाचक, सांगली)

७५ टक्क्यांचा नियम तुम्ही बरोबर धरलाय, पण त्यातले तीन शब्द निसटले. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च 'पॉलिसीच्या अटींना धरून' आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. अटींना धरून म्हणजे घसारा (वापराने भागांची कमी झालेली किंमत) वजा करून, असाच अर्थ सर्व्हेअर लावतात. त्यामुळे वर्कशॉपचा आकडा थेट ७५ टक्क्यांशी ताडून चालत नाही.

तुम्ही पाठवलेल्या एस्टिमेटवरून हिशेब मांडतो. प्लास्टिक-रबरचे भाग आणि एअरबॅग मिळून १ लाख ८० हजार. यांच्यावर गाडीचं वय काहीही असलं तरी ५० टक्के घसारा, म्हणजे धरले जातील ९० हजार. धातूचे भाग २ लाख ४० हजार. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला त्यावर १५ टक्के घसारा, म्हणून २ लाख ४ हजार. काचा ४० हजार, त्यांना घसारा नाही. मजुरी १ लाख २० हजार, तिलाही नाही. रंगकाम ६० हजार. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या १५ हजारांवर निम्मा घसारा लावतात, म्हणून ५२,५००. सगळं मिळून ५ लाख ६ हजार ५०० रुपये. सव्वापाच लाखांपेक्षा हे साडेअठरा हजारांनी कमी आहे. म्हणून सर्व्हेअर दुरुस्ती म्हणताहेत. तशी झाली तर घसाऱ्याचे १ लाख ३३ हजार ५०० आणि सक्तीच्या वजावटीचे १,००० रुपये तुमच्या खिशातून जातील. (१५०० सीसीच्या वरच्या कारला ही वजावट २,००० असते.)

दोन गोष्टी लगेच करा. पहिली, पॉलिसीत 'झिरो डेप' आहे का ते पाहा. असेल तर घसारा कापायचाच नाही. मग खर्च जवळपास ६ लाख ४० हजारच धरावा लागेल आणि तुमची गाडी सरळ टोटल लॉसमध्ये जाईल. हे अॅड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेलं संरक्षण) टोटल लॉसचा निकालच फिरवू शकतं, हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतं. दुसरी, गाडी उघडल्याशिवाय अंतिम सर्व्हे होऊ देऊ नका. पुढून बसलेल्या धडकेत सबफ्रेम, स्टिअरिंग रॅक, गिअरबॉक्सचं माउंटिंग यांची इजा बोनेट उचलून दिसत नाही. गाडी उघडल्यावर वर्कशॉपकडून पुरवणी एस्टिमेट घ्या आणि ते सर्व्हेअरला ईमेलने पाठवा. साडेअठरा हजारांचं अंतर एका रॅकमध्ये भरून निघतं. टोइंगच्या बिलावर मात्र भिस्त ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत कारच्या टोइंगला १,५०० रुपयांचीच मर्यादा आहे.

आणखी एक. टोटल लॉस झालाच, तर अपघात पॉलिसीच्या दहाव्या महिन्यात झाला म्हणून आयडीव्ही आणखी कमी करता येत नाही. पॉलिसी सुरू होताना ठरलेला आकडा वर्षभर तोच राहतो. 'आज बाजारात या गाडीला एवढे येत नाहीत' असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागा.

प्रश्न : कंपनीने माझी गाडी टोटल लॉस धरली. आयडीव्ही ७ लाख. कंपनी ५ लाख ९ हजार देणार आणि सॅल्व्हेज (मोडलेला सांगाडा) घेणारा १ लाख ९० हजार देणार. त्याने फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या मागितल्यात, 'आरसी विथ' असं म्हणतोय. सह्या कराव्यात का? (एक वाचक, ठाणे)

कोऱ्या करू नका.

आधी आकडे समजून घ्या. ७ लाखांतून १,००० ची वजावट गेली, राहिले ६ लाख ९९ हजार. मोडलेल्या सांगाड्याला ऑनलाइन बोलीत १ लाख ९० हजार आले. कंपनीने ते वजा करून ५ लाख ९ हजार देऊ केले. म्हणजे गाडी कंपनीने घेतलेलीच नाही. तुम्हीच ती बोली लावणाऱ्याला विकताय. कंपनीने फक्त गिऱ्हाईक आणून दिलंय. पुढची सगळी जोखीम तुमच्या गळ्यात.

बोल्या दोन प्रकारच्या येतात. 'आरसी विथ' म्हणजे नोंदणी जिवंत ठेवून, 'आरसी विदाउट' म्हणजे नोंदणी रद्द करून. पहिलीचा भाव नेहमी जास्त असतो. मोडका पत्रा दोन्हीकडे तोच, मग जास्तीचे पैसे कशाचे? बऱ्याचदा घेणारा खरोखरच गाडी दुरुस्त करून विकणार असतो आणि ते कायदेशीर आहे. पण चोरट्यांच्या टोळ्याही अशीच खरेदी करतात. त्यांना हवी असते तुमची आरसी आणि चासी नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी उचलायची, तिचा चासी नंबर ग्राइंडरने घासायचा, तिथे तुमच्या गाडीचा तुकडा वेल्ड करायचा, तुमच्याच नंबर प्लेट लावायच्या. आता ती चोरीची गाडी तुमच्या नावावर फिरते. उद्या पोलिसांनी ती पकडली तर पहिली विचारणा तुमच्याकडे होणार.

टोळी नसली तरी धोका टळत नाही. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच माणसाची होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच राहिली. सांगाडा घेणाऱ्याने गाडी दुरुस्त केली, विम्याशिवाय रस्त्यावर काढली आणि कुणाचा जीव गेला, तर लाखोंची भरपाई तुमच्याकडून मागितली जाऊ शकते. १ लाख ९० हजारांसाठी हा धोका पत्करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? कंपनीला लेखी कळवा की नोंदणी रद्द करून, 'आरसी विदाउट' तत्त्वावर दावा निकाली काढा. त्या बोलीचा आकडाही लेखी मागा. सांगाड्याची बोली कमी आली तर कंपनीची वजावटही तेवढीच कमी होते, त्यामुळे तुमच्या हातात येणारी एकूण रक्कम बदलत नाही. कंपनीचा वाटा तेवढा वाढतो. म्हणून तर 'आरसी विथ' घ्या असा आग्रह होतो.

नोंदणी रद्द करणं हे तसं तुमचं कर्तव्यच आहे. कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. अर्ज परिवहन विभागाच्या 'वाहन' पोर्टलवर भरता येतो. त्याआधी थकलेली ई-चलनं भरा, कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन बोजा उतरवा. आरटीओ चासी नंबरचा कापलेला तुकडा मागतं. तो तुमच्यासमोर कापून घ्या. सांगाडा एकदा यार्डातून गेला की त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. नोंदणी रद्द झाल्यावर एकरकमी भरलेल्या रोड टॅक्सच्या परताव्याचा अर्जही करा. बहुतेक लोक तो करतच नाहीत.

याहून सोपा रस्ता म्हणजे सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्र. २०२१ च्या नियमांनुसार अपघातात, आगीत किंवा पुरात खराब झालेली आणि मालकाने स्वतः भंगार ठरवलेली गाडी तिथे देता येते. केंद्र 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देतं. नवी खासगी गाडी घेताना ते दाखवलं, तर राज्याच्या नियमांप्रमाणे रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. मात्र कंपनीची लेखी संमती मिळाल्याशिवाय गाडी केंद्रात नेऊ नका, नाहीतर सांगाड्याच्या किमतीवरून वाद होईल.

आणि 'आरसी विथ' द्यायचंच ठरवलंत, तर फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा. आधार आणि पॅनची प्रत घ्या, रक्कम बँकेतूनच घ्या, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेल्या पावतीवर त्याची सही घ्या. हस्तांतरण आरटीओला कळवायला विकणाऱ्याला १४ दिवस असतात, घेणाऱ्याला ३०. विकणाऱ्याची बाजू तुम्ही स्वतः पूर्ण करा, एजंटच्या भरवशावर सोडू नका. महिन्याभराने एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. फास्टॅग मात्र पहिल्याच दिवशी बंद करा.

प्रश्न : पुराचं पाणी सीटच्या वर आलं होतं. गाडी टोटल लॉस होईल का? शेजारच्यांनी स्टार्टर मारून पाहिला होता. (एक वाचक, चिपळूण)

पाणी सीटच्या वर, म्हणजे गिअर लिव्हरच्या खालचं एअरबॅग मॉड्यूल, सीटखालची वायरिंग आणि बऱ्याच गाड्यांत बॉडी कंट्रोल युनिटही भिजलंय. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर वायरिंग हार्नेस, एसीचं युनिट आणि मीटर क्लस्टर आलेच, आणि खर्च सहसा ७५ टक्के ओलांडतो. म्हणून पाण्याची रेषा हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. दाराच्या आतल्या पॅडवर आणि सीटच्या कापडावर गाळाची रेष उठते. ती धुवून जाण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा.

स्टार्टर मारला ही अडचणीची बाब आहे. सिलिंडरमध्ये पाणी असताना एंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपन्या याला पुरानंतर मालकाच्या हातून झालेलं नुकसान म्हणतात आणि एंजिनचा खर्च नाकारतात. पॉलिसीत 'एंजिन प्रोटेक्ट' असेल तर तो खर्च मिळू शकतो, पण काही पॉलिसींत स्टार्टर मारल्यास तोही नाकारायची अट असते. पॉलिसीतलं कलम वाचा. 'एंजिन प्रोटेक्ट' नसेल तर सर्व्हेअरला मांडणी अशी करून द्या : एंजिन पूर्ण वगळूनसुद्धा बाकीचा खर्च ७५ टक्क्यांच्या वर जातो का? वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सवर बऱ्याचदा जातो. जे घडलं ते खरं सांगा. वाकलेला रॉड उघडल्यावर दिसतोच, आणि खोटं सापडलं की पूर्ण दावाच धोक्यात येतो.

आता बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवा आणि गाडी ढकलत नव्हे, फ्लॅटबेडवर न्या.

प्रश्न : कर्ज ८ लाख बाकी, आयडीव्ही ७ लाख. टोटल लॉसनंतर उरलेलं कर्ज कंपनी भरेल का? (एक वाचक, नाशिक)

नाही. पॉलिसीवर बँकेचा बोजा आहे, त्यामुळे दाव्याचे पैसे आधी बँकेला जातील आणि उरलेले साधारण १ लाख तुम्ही भरायचे. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' अॅड-ऑन असेल तर आयडीव्ही आणि मूळ बिल यांतला फरक मिळतो. बऱ्याच पॉलिसींत त्यात नोंदणीचा खर्च आणि रोड टॅक्सही धरलेला असतो. पण ते सहसा पहिल्या काही वर्षांपुरतंच मिळतं. दाव्यानंतर बँकेकडून कर्ज संपल्याचं पत्र घ्या. ते नसेल तर नोंदणी रद्द होणार नाही आणि गाडी कागदावर तशीच राहील.

प्रश्न : मोटारसायकल चोरीला गेली. एफआयआर त्याच दिवशी केला, कंपनीला मात्र १२ दिवसांनी कळवलं. दावा नाकारणार का? (एक वाचक, पुणे)

फक्त एवढ्या कारणावरून नाकारता येणार नाही. पोलिसांत तातडीने तक्रार दिली असेल, तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावर खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलं आहे. उत्तराच्या पत्रात तारखेनिशी त्या निकालाचा उल्लेख करा.

दाव्याला दोन्ही किल्ल्या, आरसी, एफआयआर आणि तपास लागला नाही याचा अहवाल लागतो. महाराष्ट्रात पोलिस न्यायालयात 'ए' समरी दाखल करतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. ती मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून पोलिस ठाण्यात पाठपुरावा सुरू ठेवा. एक किल्ली आधीच हरवली असेल, तर ती कधी हरवली ते आताच लेखी कळवा. पैसे मिळाल्यावर गाडी सापडली तर ती कंपनीची. पोलिस ठाण्यातून फोन आला तर परस्पर सोडवून आणू नका, आधी कंपनीला कळवा.

प्रश्न : चार वर्षांची कार बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त मिळतेय. पूर्वी टोटल लॉस झालेली असेल तर कसं ओळखायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

आपल्याकडे आरसीवर 'ही गाडी टोटल लॉस झाली होती' असा शेरा येत नाही. त्यामुळे शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

कागदांपासून सुरुवात करा. विकणाऱ्याची मागची पॉलिसी पाहा. चौथ्या वर्षी नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल, तर गेल्या वर्षी दावा झालाय किंवा पॉलिसी खंडित झाली आहे. दोन्हींचं कारण विचारा. चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास मागवा. किलोमीटरच्या नोंदींमध्ये सहा-आठ महिन्यांची पोकळी दिसली, तर त्या काळात गाडी कुठे उभी होती?

मग गाडी पाहा. चासी नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. अक्षरांची उंची आणि अंतर एकसारखं उठलं पाहिजे. आजूबाजूचा पत्रा किंचित खोल, ग्राइंडरच्या रेषा, वेगळ्या पोताचा रंग असं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी निघाली तर पोलिस ती जप्त करतात आणि तुमचे पैसेही अडकतात. काचांवरचे उत्पादनाचे कोड आणि सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या लेबलांवरच्या तारखा गाडीच्या वयाशी जुळतात का, तेही पाहा.

पुराच्या गाडीसाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग कुणीही धुतो, गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यात गाळ राहतो. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांवरच्या स्क्रूंमध्ये गंज शोधा. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर फुगलेल्या एअरबॅग न बदलता दिवाच काढून टाकल्याची दाट शक्यता.

टोटल लॉसची गाडी नीट दुरुस्त करून विकलेली असेल तर ती घेणं बेकायदा नाही. मात्र त्या गाडीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) विमा काढायला काही कंपन्या नकार देतात. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विम्याचा लेखी कोट मागवा.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये शिकतो. तिथे एक कार स्वस्तात मिळतेय, टायटलवर (मालकीच्या कागदावर) 'रीबिल्ट साल्व्हेज' असं लिहिलंय. घ्यावी का? (एक वाचक, मुंबई)

तिकडे आपल्यासारखं लपून राहत नाही, हा मोठा फरक. टोटल लॉस झालेल्या गाडीच्या टायटलवर तसा शिक्का बसतो आणि तो पुढच्या मालकांकडेही जातो. मर्यादा राज्याराज्यांत वेगळ्या : टेक्सासमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीइतका, म्हणजे १०० टक्के झाला की, तर फ्लोरिडात ८० टक्क्यांनाच. त्यामुळे एका राज्यात टोटल ठरलेली गाडी दुसऱ्या राज्यात नुसती दुरुस्त होऊ शकली असती. 'रीबिल्ट' म्हणजे दुरुस्तीनंतर पुन्हा रस्त्यावर चालवायची परवानगी मिळालेली. ती मिळवण्यासाठी टेक्सासमध्ये व्हीटीआर-६१ हा फॉर्म भरून कोणते भाग बदलले ते नोंदवावं लागतं. मुलाला विक्रेत्याकडून त्या फॉर्मची प्रत आणि दुरुस्तीआधीचे फोटो मागायला सांगा. फेडरल सरकारच्या एनएमव्हीटीआयएस या नोंदवहीतला अहवाल थोडक्या पैशांत मिळतो, तोही काढावा. शेवटी विम्याचा प्रश्न येतोच : अशा गाडीला पूर्ण विमा द्यायला काही कंपन्या तयार नसतात, आणि दिला तरी पुढच्या अपघातात किंमत कमीच धरतात.

प्रश्न : सर्व्हे होऊन दोन महिने झाले, कंपनी उत्तर देत नाही. (एक वाचक, फोंडा)

इर्डाच्या (विमा नियामक संस्थेच्या) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरचा अहवाल नेमणुकीपासून १५ दिवसांत यायला हवा आणि तो मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायला हवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, सर्व्हे अहवालाची प्रत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. मुदत एक वर्षाची आहे. गोव्यातल्या तक्रारी मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. तोवर कंपनीने पाठवलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (दाव्याची रक्कम स्वीकारल्याच्या पावतीवर) 'संपूर्ण व अंतिम' असं लिहिलं असेल आणि रक्कम तुम्हाला मान्य नसेल, तर सहीच्या शेजारी 'निषेधासह, उरलेल्या रकमेचा हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.